पोटात गाठ नव्हती, हिराताई

प्रिय हिराताई,

काल तन्वीला लस दिली. त्यासाठी मला तुला दिलेला शब्द मोडावा लागला, म्हणून हे पत्र. मी शब्द मोडत नाही हे तुला माहीत आहे. ऑफिसातली मुलं माझ्या पाठीमागे मला ‘पट्टी’ म्हणतात, कधी वाकत नाही म्हणून, हेही तुला माहीत आहे. ऐकून सगळ्यात जास्त तूच हसली होतीस. तर त्या पट्टीने शब्द मोडला. कसा मोडला, ते तू माझ्याकडूनच ऐकलेलं बरं.

लस गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरची आहे. तो होऊ नये म्हणून आधीच घ्यायची. तू गेल्यापासून हे नाव मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे.

सुरुवात झाली तन्वीच्या तापाने. नेरूळच्या आपल्या डॉक्टरबाईंनी ताप तपासला आणि उठता उठता म्हणाल्या, “चौदावं लागलं ना हिला? मग ही लस देऊन टाका. पंधराच्या आत दिली की दोन डोसांत भागतं.” मी मान हलवली आणि घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “बघू.”

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

“का बघू?” मी विचारलं.

“अगं, तो विषाणू शरीरसंबंधातून पसरतो म्हणतात. चौदा वर्षांच्या मुलीला काय सांगणार आहेस, कशासाठी टोचतोय म्हणून? लोकांना कळलं तर काय काय अर्थ काढतील.”

ह्यांच्यावर रागावू नकोस. धाकट्या बहिणीचा नवरा असला तरी तुझा आवडता जावई आहे, माशाचं डोकं चोखून खाणारा. आणि खरं सांगायचं तर मीही चार दिवस मनातल्या मनात ‘बघू’च म्हणत होते. लसीला मी घाबरत नव्हते. डॉक्टरबाईंना पुन्हा जाऊन सगळं विचारून आले होते: हात दुखतो, एखादीला ताप येतो, चक्कर येते म्हणून टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात. मी घाबरत होते तन्वीच्या प्रश्नाला. ही पोरगी ‘का’ विचारल्याशिवाय गोळीसुद्धा गिळत नाही. आणि त्या ‘का’चं खरं उत्तर तू माझ्याकडे कुलूप लावून ठेवून गेली होतीस.

तिच्या लहानपणच्या सगळ्या सुया तुझ्या मांडीवर झाल्या, आठवतं? मी बाहेर चपलांजवळ उभी असायचे. ऑफिसात भल्याभल्यांची बिलं परत पाठवणारी मी, पण मुलीच्या मांडीत सुई जाताना बघवायचं नाही. तू उरणच्या मोऱ्याहून यायचीस ती सोमवार धरून, कारण सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं. आत जाऊन आधी नर्सलाच दम द्यायचीस, “हलक्या हातानं गो बाय. पोर हाय ती, पापलेट नाय.” मग तन्वीचं एक भोकाड, आणि लगेच तुझा आवाज, “डास चावला गो. गेला बघ, गेला.” बाहेर येऊन मला म्हणायचीस, “झालं. रड आता तू.”

पिशवीत सुके बोंबील असायचेच. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा तुला खाली अडवलं होतं, की मावशी, लिफ्टला वास येतो. तू म्हणालीस, “लिफ्टला नाक कधी फुटलं, दादा?” ते गृहस्थ अजून मला बघितलं की जिन्याने जातात.

त्या वासावर आपण किती हसलो. आणि त्याच वासाने आपल्याला फसवलं, ताई.

तुझी पाळी थांबून वर्षं झाली होती. तरी डाग पडत होते, अंगावरून जात होतं, वास येत होता. दुसऱ्या कुठल्याही बाईच्या घरात कुणाला तरी शंका आली असती. तू दिवसभर बाजारात ओल्या फरशीवर बसायचीस, लुगड्याला माशाचं पाणी, हाताला खवलं. वास आला तर तो बाजाराचा. अंगावरून गेलं तर ते पाण्यात बसून. घरच्यांना काही वेगळं वाटलं नाही, आणि हळूहळू तुलाही वाटेनासं झालं. मला सांगितलंस तेव्हा चालताना तुझी कंबर मोडत होती.

मग सुरू झाले आपले शेक, रेडिएशनचे. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच, भाऊचा धक्का, तिथून टॅक्सीने हॉस्पिटल. मी पहाटेच उरणला येऊन तुझ्याबरोबर निघायचे. लाँचमध्ये ओळखीची बाई भेटली नाही असा दिवस नव्हता.

“हिरा, कुठं चाललीस गो?”

“डोळे दाखवायला.”

“रोज डोळे?”

“दोन हायत ना. एकेक करून दाखवते.”

सगळ्या जणी हसायच्या. तुझा आवाज धक्क्यावरून सुटलेल्या लाँचपर्यंत जायचा, भाव पुकारलास की पार टोकाला बसलेली बाई वळून बघायची. आणि एक दिवस लाँचमध्ये मला जवळ ओढून जे म्हणालीस ते इंजिनाच्या आवाजात मलाही नीट ऐकू आलं नाही. परत विचारल्यावर म्हणालीस, “कोनाला सांगू नको. पोटान गाठ हाय म्हनून सांग. नायतर लोक मला नावं ठेवतील, माझ्या मालकाला नावं ठेवतील. धाकट्या पोराचं लगीन व्हायचं हाय.”

मी शब्द दिला. आणि पाळला. भावोजींना, तुझ्या मुलांना, ह्यांना, तुझ्या दिवसांना आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, पोटात गाठ होती.

तन्वीला सांगितलं गेल्या रविवारी. तुझीच पद्धत वापरली. अवघड बोलायचं असेल तर समोरच्याच्या हातात काम द्यायचं, म्हणजे डोळ्यांत बघावं लागत नाही. कोलंबी आणली होती. तिला सोलायला बसवलं आणि म्हटलं, “शनिवारी एक लस घ्यायची आहे.”

“कसली?”

“डॉक्टरांनी सांगितली आहे.”

“हे कशाचं उत्तर आहे?”

मी लसीचं नाव सांगितलं, ती कशासाठी ते सांगितलं. तो विषाणू कसा पसरतो तेही सांगितलं. माझे कान गरम झाले, तिचे अजिबात नाही. म्हणाली, “आई, हे आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत आहे. पण इतकी घाई का? आपल्याकडे कुणाला झाला होता का?”

मी कोलंबीचा दोरा काढत राहिले.

“हिरामावशीला काय झालं होतं?” तिने विचारलं.

“पोटात गाठ.”

“पोटात कुठे?”

ताई, सहा वर्षांत हा प्रश्न मला एकाही मोठ्या माणसाने विचारला नव्हता. पोटात म्हटलं की सगळे पुढे बोलायचं थांबायचे. मी तन्वीकडे बघितलं. तिच्या गालाला कोलंबीचं साल चिकटलं होतं. मी म्हटलं, “पोटात नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी. हाच कॅन्सर होता.”

मग सगळंच सांगितलं. वास, डाग, लाँच, डोळे दाखवायला. ती आधी हसली, ‘एकेक करून दाखवते’वर, आणि हसता हसता रडायला लागली. पदर हवा होता तुझा. माझ्याकडे नॅपकिन होता, तो दिला.

वर बघितलं तर हे दारात उभे. हातात पेपर.

“म्हणजे हिराताईंना…?”

“हो.”

“आणि मला सांगितलंस पोटात.”

“सगळ्यांनाच सांगितलं. तिनंच सांगायला लावलं. लोक काय अर्थ काढतील म्हणून.”

आपलेच शब्द परत ऐकून त्यांनी पेपरची घडी केली.

तन्वीने डोळे पुसले आणि म्हणाली, “मी घेते लस. पण तुझी ह्या कॅन्सरची तपासणी कधी झालीय?”

“माझं ऑफिसचं चेकअप होतं दर वर्षी.”

“त्यात ही असते?”

नसते, ताई. तुला घेऊन मी लाँचच्या इतक्या फेऱ्या केल्या, पण स्वतःला घेऊन एकदाही गेले नाही.

“मग आधी तू,” ती म्हणाली. “तू केलीस की मी.”

“मी काय सौदा करायला बसलेय तुझ्याशी?”

“मावशी म्हणायची, पहिला भाव कधी मान्य करायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी ह्यांचा ऑफिसातून फोन आला. “शनिवारची वेळ घेतलीय. दोघींची.”

काल गेलो. आधी मी. पडद्यामागे चादर अंगावर ओढून पडले आणि छताच्या पंख्याकडे बघत राहिले. पाच-सात मिनिटांचं काम. जरा लागलं, लाज वाटली, संपलं. एवढंच होतं ते. तुझ्या वाट्याला एवढंच आलं असतं तर?

मग तन्वी. बाही वर करून बसली. मी सवयीने चपलांकडे निघाले, तर म्हणाली, “आई, थांब इथेच.” थांबले. तिचा दुसरा हात धरला आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत बघितली. नर्सने कापूस दाबला. तन्वी माझ्याकडे बघून म्हणाली, “डास चावला गो. रड आता तू.”

रडले नाही. तू असतीस तर कदाचित रडले असते.

तू इतके दिवस बोलली नाहीस याचा मला राग आहे, थोडासा. तो राहू दे, सख्ख्या बहिणीचा आहे. पण काल घरी येताना वाटलं, तू अगदीच गप्प राहिली नव्हतीस. एका माणसाला सांगितलं होतंस. ते माणूस मी होते, म्हणून ते तन्वीपर्यंत पोचलं. मला शाळेत घातलंस, डबा करून कॉलेजच्या लाँचला बसवलंस, माझी मुलगी मांडीवर घेतलीस, या सगळ्यासाठी तुझे आभार मानायचे तर तू मला हाकलून दिलं असतंस. पण त्या लाँचमध्ये कानात सांगितलेल्या गोष्टीसाठी तरी मानू दे. तेवढं घे.

माझा रिपोर्ट यायचा आहे. काय येईल ते येईल, पण जे येईल ते त्याच्या नावाने घरात सांगेन. पोटात म्हणणार नाही.

आणि उद्या सोमवार आहे, बाजारात गिऱ्हाईक नसेल, बायका मोकळ्या बसलेल्या असतील. मी रजा टाकली आहे. तुझी सून दर्शना आता तुझ्याच जागेवर बसते. तुझी नात दहा वर्षांची होईल, तिला तुझ्यासारखीच खळी पडते. मी मोऱ्याला जाणार आहे, दर्शनाजवळ बसणार आहे, आणि आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगणार आहे की हिरा कशाने गेली, आणि काय केलं तर आणखी कुणी जाणार नाही. भावोजी रागावतील. त्यांना मी बघून घेईन.

तुझ्यासारखा माझा आवाज लाँचपर्यंत जाणार नाही. पण तुझी जागा ते धक्क्याचं टोक, एवढ्यात बसणाऱ्या एकूण एक बाईला ऐकू जाईल. हा शब्द आहे, आणि हा मोडणार नाही.

तुझी,
शालू