खिडकीतला कप

आई,

तू भाजी आणायला गेलीस तेवढ्यात हे लिहून ठेवतेय, कारण समोरासमोर सांगायला माझी जीभ रेटणार नाही. मी दवाखान्यात जातेय, दुपारपर्यंत येते. बाळ ठीक आहे, सकाळपासून नुसत्या लाथा मारतंय.

माझ्या रक्तात ती ‘बी’ प्रकारची कावीळ निघाल्यापासून तू माझा कप खिडकीत वेगळा ठेवतेस. मी रागावले नाही गं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही कावीळ उष्ट्यातून पसरत नाही, रक्तातून पसरते. मला ती बहुतेक जन्मतानाच, आईकडून, म्हणजे तुझ्याकडून आली असावी. म्हणून उद्या तुझंही रक्त तपासायचंय.

आता लगेच कपाळाला हात लावून बसू नकोस. माझ्या वेळी तू गरोदर असताना तुझं रक्त कुणी तपासलंच नाही, मग तुला कळणार कसं? मामा दारूच्या थेंबाला न शिवता लिव्हरने गेला आणि लोकांनी त्याला दारुडा ठरवलं. त्यालाही हेच असेल, कोण जाणे.

माझ्या बाळाला मात्र जन्मल्या जन्मल्या इंजेक्शनं देणार आहेत, आणि मी रोजची गोळी चुकवत नाहीये. ते बहुधा यातून सुटेल.

दूध तापवून ठेवलंय. माझा कप मी घासून तुझ्या कपाशेजारी लावलाय. मी घरी येईन तेव्हा आता तू तुझा कप खिडकीत नेऊन ठेवलेला दिसला, तर मी जेवणार नाही.