सरवेखाऊ हा शब्द कुठून आला

बाबा, मागे मी माझ्या वहीत लिहिलं होतं, की ‘सरवेखाऊ’ हा शब्द आपल्या गावात अकोल्याच्या दलालाने आणला. ते चूक आहे. दलाल तो दुसऱ्यांदा बोलला. पहिल्यांदा तो तुमच्या तोंडून निघाला, आणि मी तिथेच उभी होते. धूळपाटीवर माझं बोट धरून तुम्ही अक्षरं शिकवलीत, आणि त्याच अक्षरांनी मी तुमच्यासाठी खोटं लिहिलं.

शेवटची वेचणी झाली, की शेतात मागे राहिलेला कापूस वेचणाऱ्या बायांचा, हा सरवा. घरच्या मुलीने शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून हाक द्यायची, मगच त्यांनी आत यायचं. सात वर्षांची असल्यापासून ती हाक माझी होती. ‘या वो माय, सरव्याले या.’ ओटीत बोंडं भरता भरता त्या म्हणायच्या, ‘लहान मालकीण, आवाज वाढला तुया.’ त्यांना सरवेकरणी म्हणत, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

मग परदेशात कुठेशी लढाई लागली आणि कापसाचा भाव चढला. तुम्ही ज्वारीच्या शेतातही कापसाची पऱ्हाटी लावली. सगळ्यांनीच लावली. भाकरी महागली, आणि ज्यांना जमीन नव्हती त्यांच्या चुली आधी थंडावल्या. त्याच वर्षी तुम्ही मला म्हणालात, ‘यंदा हाक देऊ नको.’ मी काहून म्हणून विचारलं नाही.

त्या वर्षीची शेवटची वेचणी संपली आहे, ऊन उतरलं आहे. दलाल तुमच्याशी बोलत धुऱ्यावर उभा आहे. आपल्याकडे दरसाल वेचणीला येणारी एक बाई लहान लेकीला घेऊन शेतात वाकली आहे.

‘हाक कोणं देल्ली तुले?’ तुम्ही विचारता.

‘दरसालचा दिवस हाय भाऊ, म्हणून आली.’ ती माझ्याकडे पाहते. मी खाली पाहते.

‘हाक नाही, तं चोरीच झाली. सरवेखाऊ कुठची.’

‘बरं नाव ठेवलं भाऊ,’ म्हणत दलाल हसतो आणि तेच पुन्हा बोलतो. ती ओटी तिथेच मातीत रिकामी करते. ‘घ्या. मले जुनीच रीत मालूम होती.’

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. शब्द राहिला. आता ज्याने सरवा कधी पाहिला नाही अशा फाटक्या माणसालाही गाव सरवेखाऊ म्हणतं. त्यांचं होतं ते तुम्ही काढून घेतलंत, आणि वर खादाड त्यांनाच ठरवलंत. तुम्ही जिवंत असता तर हे बोलायची माझी छाती झाली नसती. म्हणून जास्तच राग येतो.

त्या बाईच्या लेकीला आता हिवरखेडचं स्थळ आलं आहे. पाहुण्यांनी घराची चौकशी केली, तेव्हा काका पान लावता लावता म्हणाले, ‘सरवेखाऊ घर हाय, बाकी तुमी पाहा.’ बोलणी अडली. पाहुणे आणखी एकदा विचारायला आपल्या ओसरीवर येणार आहेत. मी बाहेर येऊन सांगणार आहे, की चोरी झाली नव्हती, रीत आम्ही मोडली आणि शब्द आमच्या घरचा आहे. आई म्हणते, ‘बापाचं नाव घालवशील.’

हे पत्र कुठे धाडू? वहीत ठेवते. एक गोष्ट अजून कुठेच लिहिलेली नाही. तिच्या आईने ओटी रिकामी केली, त्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी त्या मुलीला सरवेखाऊ म्हणाले, अगदी तुमच्या आवाजात, आणि सगळ्या हसल्या तेव्हा मला बरं वाटलं. तेही सांगेन. पाहुणे सोमवारी येतात, पौष वद्य तृतीयेला.