फक्त माझ्याच तारा

२३ ऑक्टो., सोम.
सकाळी नगर परिषदेच्या (न.प.) माणसांनी बस स्टँडपासून मार्केट यार्डापर्यंतच्या माझ्या सगळ्या इंटरनेटच्या तारा तोडल्या. खांबावर चढून, कटरनं. त्याच खांबावरची मोठ्या इंटरनेट कंपनीची केबल जशीच्या तशी. सलीमभाईनं खालून विचारलं, "अन् ते?" शिडीवरचा म्हणे, "त्याईले परवानगी हाय."
सलीमभाई माझे लाइनमन. आधी टीव्ही दुरुस्त करायचे. आमचे हे वारल्यावर केबलच्या धंद्यातून मी इंटरनेटमध्ये आली ती त्यांच्याच भरवशावर. तुटके तुकडे गोळा करून दुकानात आणले, पण माझ्याकडं पाहात नव्हते. जसं काही त्यांनीच तोडलं.
ठरावात 'शहर सुशोभीकरण' लिहिलं आहे. ठराव गजूचा. आज नगरसेवक आहे, पण चार वर्षं माझा पार्टनर होता, माझ्या हातचं जेवला आहे. आता कंपनीची एजन्सी त्याच्या साळ्याच्या नावावर.
सोडणार नाही.

२६ ऑक्टो., गुरु.
न.प.त गेलती. मुख्याधिकारी बाई नव्या आहेत. "खांबासाठी परवानगीचा अर्ज करा." तीन जुन्या अर्जांच्या पोचपावत्या टेबलावर ठेवल्या. "मग थांबा थोडं."
इंटरनेट द्यायचा दिल्लीचा परवाना कंपनीजवळ आहे तसा माझ्याजवळही आहे. नियम म्हणतो, अर्ज मुदतीत निकाली काढा. पण काढणाराच झोपला तर नियम काय करते?
जिन्यात गजू. "ताई, आता मोठ्याईचा जमाना आहे. एखाद्या वॉर्डाची आमची एजन्सी घे ना." हसला. मीही हसली. तशीच चौकातल्या पोस्टात जाऊन माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. गावात कोणाच्या केबलले कधी परवानगी दिली, प्रती द्या.

३० ऑक्टो., सोम.
यवतमाळ. कलेक्टर ऑफिसात ब्रॉडबँडच्या नव्या धोरणावर बैठक. कंपनीवाले पुढच्या रांगेत, आम्ही लहान लोक मागं, दाराजवळ. मले दोन मिनिटं मिळाली. म्हटलं, "साहेब, खांब जनतेचा आहे. ज्याच्याजवळ परवाना, त्याले तो द्या. नियम एक, भाडं एक. ग्रामपंचायतीत सरकारी फायबरची पेटी लावल्यापासून कुलपात पडली आहे. आम्हाले वापरू द्या, केळापूरकडच्या खेड्यायत आम्ही नेट नेऊन दाखवतो. मोठी कंपनी तिथं जात नाही, अन् आम्हाले जाऊ देत नाही."
साहेबांनी लिहून घेतलं. माझं आडनाव चुकवलं.
खरं लिहायचं तर मी धोरणासाठी नव्हती गेली. गजूचं नाव सरकारी कागदावर चढवायले गेलती. तोंडाशी आलतं. गिळलं. हातात पुरावा येऊ दे.

१३ नोव्हें., सोम.
बाजार समितीचे सचिव स्वतः दुकानात आले! सरकारी कापूस खरेदीची नोंदणी ऑनलाइन. अंगठा लावायचा, मग टोकन. कंपनीची केबल रस्त्याच्या खोदकामात तुटून तीन दिवस झाले, माणूस नागपुराहून येऊन राह्यला म्हणतात.
"ताई, उद्यापर्यंत लाइन द्या. आधी तुमचीच तर होती."
"देते ना. कोणत्या खांबावरून आणू, ते न.प.कडून लेखी आणा."
"शेतकऱ्याईचा तरी विचार करा."
"माह्या तारा तोडल्या तेव्हा कोणी केला होता?"
गेले. मग चहा मागवला. इतका गोड चहा कितीक दिवसांत लागला नव्हता.

१४ नोव्हें., मंगळ.
काम नसताना यार्डासमोरून गेली. टेम्पोंची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत. लोक गजूले शिव्या देत होते. गाडी बाजूले लावून सगळ्या ऐकल्या.

१५ नोव्हें., बुध.
कमलाकाकू दुकानात. माहेरी शेजारच्या घरच्या, लहानपणी यांच्याच ओट्यावर खेळली. केसांत कापसाचे धागे.
"सचिव म्हणते, नेट तुह्याजवळ हाय. तू देत नाही."
"काकू, त्याईनं माह्या तारा तोडल्या."
"म्या तोडल्या काय वं?"
मी पाण्याचा तांब्या पुढं केला.
बोंडअळीनं खाऊन उरला तेवढा कापूस घेऊन दोन रोज टेम्पोत बसून आहेत. बाहेर खासगीवाला पडत्या भावात मागून राह्यला. सोबतच्या दोघांनी आज देऊन टाकला. काकू भांडल्या नाहीत. पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं, गेल्या.
सचिव हलकट. माझं नाव सांगून मोकळा. पण खोटं कुठं सांगितलं त्यानं...

१६ नोव्हें., गुरु.
सलीमभाई सकाळीच म्हणाले, "खांब नाही ना, ताई? गच्च्या तर हायेत."
त्यांच्या भावाच्या गॅरेजवरून सुरुवात. मग बुद्ध विहाराची गच्ची, कापडवाल्याची, डॉक्टरांची. सगळ्यांनी वर चढू दिलं. डॉक्टरांच्या आईनं तर तार धरून ठेवली. दुपारी यार्डात नेट चालू. काकूंचा अंगठा तिसऱ्यांदा लागला, टोकन मिळालं. माझ्याजवळ आल्या. खांद्यावर हात ठेवला अन् गेल्या.
यार्डाच्या गेटवर मी पाटी लावली, 'ही लाइन न.प.च्या एकाही खांबावरून आलेली नाही.' सलीमभाई म्हणे, "याची काय गरज होती?"
होती.

२४ नोव्हें., शुक्र.
माहितीचं उत्तर आलं. कंपनीलेही परवानगी नाही!! ना खांबाची, ना रस्ता खोदायची. एक कागद नाही. सगळं गजूच्या तोंडी हुकमावर.
तीनदा वाचलं. मग तक्रार टाईप केली. विनापरवाना केबली काढा, अन् साळ्याच्या नावावर धंदा करणाऱ्या नगरसेवकाची चौकशी करा. एक प्रत न.प.ले, एक कलेक्टरले. गजूचं नाव पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट.

१ डिसें., शुक्र.
मुख्याधिकारी बाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं.
"तुमची तक्रार खरी आहे. पण आदेश काढला तर परवानगी नसलेली प्रत्येक तार निघेल. तुमच्या गच्चीवरच्याही. रस्ता ओलांडतात त्या."
"यार्डाची?"
"तीही. सरकारी दवाखाना कंपनीच्या केबलवर आहे, तोही बंद पडेल. नवं धोरण येईपर्यंत मी कोणालाच नव्यानं परवानगी देऊ शकत नाही. तक्रार कायम ठेवायची की मागे घ्यायची, सोमवारी लेखी सांगा."
आता नियम सगळ्यांले सारखा. मीच मागितला होता.

३ डिसें., रवि.
गजू घरी आला. चपला काढून दारात उभा. मी बस म्हटलं नाही.
"ताई, चुकलं माझं. तक्रार वापस घे. तुह्या तारा खांबावर चढवून देतो, मी स्वतः खाली उभा राहतो."
"तेव्हा कुठं उभा होता?"
त्याची नगरसेवकी जाऊ शकते यात, हे त्यालेही कळते. भिंतीवरच्या आमच्या ह्यांच्या फोटोकडं पाहून काहीतरी बोलायले गेला. मी म्हटलं, त्याईचं नाव घेऊ नको.
संध्याकाळी सलीमभाई. त्यांना वाटलं ते एका वाक्यात सांगितलं, "यार्डात अजून कापूस येऊन राह्यला, ताई." मले गजू पडलेला पाहायचा आहे. काकूंची रांग पुन्हा पाहायची नाही. दोन्ही एकाच सहीवर आहे.
सकाळी जाताना गजूनं विचारलंतं, "मग उद्या काय करतं?"
"माझं ठरलं आहे," म्हटलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. बरं वाटलं, खोटं कायले लिहू.
ठरलं काहीच नाही.