गौरीचं ताट

सनाबिस, बहरीन
४ ऑगस्ट २०२५

ती. आई यांस,
उल्काचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही पदरचं जोडता, म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो शेजारच्या प्रवीणभाऊंच्या मोबाईलवर पाठवते आहे. अक्षर लहान वाटलं तर त्यांच्याकडून मोठं करून घ्या. इकडे सगळे खुशाल. उकाडा इतका की दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. तुमचे चिरंजीव विनीत दिवसभर झल्लाकच्या हॉटेलातले एसी दुरुस्त करतात आणि घरचा एसी बंद पडला की उद्या बघू म्हणतात.

आता मुद्द्याचं. दर वर्षी आपली गौर मृणालीताईंच्या व्हिलात बसते हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या दोन खोल्यांत आधी पोटभाडेकरू सोबतीला होता, जागाच नव्हती, तेव्हा त्यांनी आपणहून बोलावलं. बाई पुण्याची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पण मनाची मोठी. विनीतच्या व्हिसाची अडचण झाली तेव्हा त्यांनीच धावपळ केली होती. ते मी विसरणार नाही. गौर तिथे बसली तरी तिखटाचा नैवेद्य मी घरून शिजवून न्यायची, मागच्या अंगणात एका पाटावर दाखवायची आणि मुकाट्याने परत आणायची.

या वर्षी तेही बंद. परवा सगळ्या बायका जमलो तेव्हा त्यांनी सांगितलं की आता कार्यक्रम मोठा झाला आहे, बाहेरची माणसं येतात, तेव्हा खेकडे-चिंबोऱ्या वगैरे नकोत. देवीला असलं दाखवणं मुलांना समजावून सांगता येत नाही म्हणे. मी गप्पच बसले, तर त्यांना वाटलं पटलं. मग प्रेमाने सुचवलं की मी मुखवट्याचा मोबाईलमध्ये फोटो काढावा आणि घरी जाऊन त्या फोटोला हवा तो नैवेद्य दाखवावा.

त्याहून लागलं ते तुमच्या नातीचं, श्रेयाचं. घरी येताना ती मला इंग्रजीत म्हणाली की काकूंचं बरोबर आहे, वर्गातल्या मुलांना कळलं तर ती हसतील. आई, या पोरीला पाच भाषा येतात. शाळेत इंग्रजी आणि अरबी, मैत्रिणींशी हिंदी, खालच्या दुकानात मल्याळम, माझ्याशी कशीबशी मराठी. आणि आपल्या घरी काय शिजतं ते सांगायची तिला पाचही भाषांत लाज वाटते. मला फार राग आला आहे आणि रडूही येतं आहे. काय करू ते कळवा.

लोभ आहेच, त्यात तुमच्या हातच्या वाटपाची आठवणही आहे.

आपली सून,
उल्का


मुरूड, जि. रायगड
१० ऑगस्ट २०२५

चि. सौ. उल्का हिला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. प्रवीणने अक्षर एवढं मोठं केलं की एका वेळी एकच शब्द दिसत होता. पण फोटोला नैवेद्य हे दोन शब्द मी एकदमच वाचले. उद्या माझा फोटो भिंतीला लावून त्यालाच जेवायला वाढा आणि मला ठेवा ओटीवर बसवून.

काल नारळी पौर्णिमा झाली. होड्या समुद्रात गेल्या आणि मी मात्र श्रावण धरून बसले आहे. महिनाभर मासळीचा वासही घेत नाही. तेव्हा देवाधर्माचं मला कुणी शिकवू नये. गौर वर्षातून एकदा माहेरी येते. माहेरी आलेल्या लेकीला काय आवडतं ते घरच्यांना माहीत असतं, शेजारणीने ठरवायचं नसतं. पुण्याची गौर पुरणपोळी मागते, तिला ती द्यावी. आपली समुद्राकाठची आहे, ती चिंबोरी मागते. माझ्या सासूने दिली, तिच्या सासूने दिली. मागच्या अंगणात, पाटावर, मुकाट्याने हे तू आजवर मला सांगितलं नव्हतंस. बरं झालं नाही सांगितलंस ते.

या वर्षी गौर तुझ्या घरी बसव. जागा नाही म्हणू नकोस, भाडेकरू गेला ना? छोटा गणपतीही आण आणि दोघांना शेजारी बसव. गौरीला ताट वाढताना गणपतीपुढे पडदा धरायचा, हे लक्षात आहे ना? तो शाकाहारी, त्याला कशाला दाखवा. गौर जेवली की पडदा काढायचा. मायलेकरं एका मखरात राहतात, कुणी कुणाचं ताट हिसकावत नाही.

मृणालीशी भांडू नकोस, तिने आपलं केलं आहे. पण परवानगीही मागू नकोस. आणि पोरीला ओरडू नकोस. चिंबोऱ्या साफ करायला जवळ बसव, हाताला वास लागू दे.

तेरडा मिळणार का तिकडे? गौरीचं अंग कशाचं करशील?

विनीतला म्हणावं, एसी दुरुस्त कर, गौर घामाघूम होईल.

आशीर्वाद आहेतच, ते कुणी मागायचे नसतात.

गोदाबाई


सनाबिस
२४ ऑगस्ट २०२५

ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं एकदाचं. मृणालीताईंकडे गेले, चहा घेतला आणि म्हटलं की यंदा गौर घरीच बसवते. आधी त्यांना वाटलं मी रुसले. मी म्हटलं रुसले नाही, पण आमची गौर आता मागच्या अंगणात जेवणार नाही. त्यांचा चेहरा उतरला. उठून त्यांनी कपाटातून आमच्या गौरीचा पितळी मुखवटा काढला, मऊ रेशमी कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला. लिंबू लावून लख्ख घासून ठेवला होता. ते पाहून मला भरून आलं, आणि तरीही मी तो घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचं आमंत्रण आलं, गौरीपूजनाच्याच दिवशीचं, माझ्याच वेळेचं. सगळ्या बायकांनी खाली हात जोडले. मीही आमंत्रण टाकलं, तर त्याखाली कुणाचं काही नाही. फक्त रत्नागिरीकडच्या एकीने गुपचूप वेगळा फोन करून विचारलं की वडे करणार का. करणार म्हटलं, तर म्हणाली की पुढच्या वर्षी नक्की. ऐकून हसू आलं आणि चीडही आली.

श्रेया बोलत नाही. मृणालीताईंच्या स्पृहाबरोबर तिचा नाच बसला होता, तो माझ्यामुळे मोडला असं तिचं म्हणणं. मी सांगितलं, तुला जायचं तर जा, मी अडवणार नाही. ती दार आपटून आत गेली.

तेरडा इथे कुठला? पण आमची घरमालकीण हमीदा खाली राहते. तिच्या अंगणात मशमूम आहे. आपल्या सब्ज्यासारखं रोप, घमघमाट सुटतो, इथल्या बायका ते केसांत माळतात. तिला हिंदी मोडकी येते, मला अरबी त्याहून मोडकी. मी सांगितलं की आमची मुलगी घरी येणार आहे, तिच्यासाठी हवं. तिला वाटलं खरीच कोणी लेक येते आहे. जेवायला काय करणार म्हणून विचारलं. मी हाताने नांग्या करून दाखवल्या, तर तिला केवढा आनंद. चिंबोरीला ही मंडळी गुबगुब म्हणतात. म्हणाली हवं तेवढं मशमूम काढ, खलास, म्हणजे झालं, आणि लेक आली की मला बोलाव.

म्हणजे पाहुणी एक ठरली. बाकी कुणी आलं नाही तरी मी मागे हटणार नाही. पण आई, मनातून धाकधूक आहे. रिकाम्या घरात आरती कशी म्हणायची?

तुमचा हात पाठीवर असू द्या, या वेळी जरा जोराने.

उल्का


मुरूड
२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी

चि. सौ. उल्का हिला आशीर्वाद.

घाईत लिहिते, मोदकाची उकड गॅसवर आहे.

रिकामं घर म्हणजे काय? तू आहेस, विनीत आहे, गणपती आहे, गौर आहे. चौघांत आरती होते. तुझा सासरा समुद्रावर असताना मी एकटीने गौर जेवू घातली आहे, आवाज चांगला वाड्याच्या टोकापर्यंत गेला होता.

एकच सांगते. कोणीही आलं तरी ताट झाकू नकोस. आजवर झाकलंस तेवढं पुरे.

गोदाबाई


सनाबिस
२ सप्टेंबर २०२५

प्रिय आजी,
साष्टांग नमस्कार.

हे मी स्वतः लिहीत आहे. मम्मी नंतर फक्त स्पेलिंग तपासेल. ती झोपली आहे कारण ती दोन दिवस खूप थकली. मला मराठी हळू लिहिता येतं, म्हणून तूसुद्धा हळू वाच.

काल गौरीपूजन झालं. मी आधी ठरवलं होतं की स्पृहाच्या घरी जाणार. मी ड्रेसपण घातला. पण मम्मी किचनमध्ये एकटी चिंबोऱ्या साफ करत होती आणि तिचं बोट कापलं, तरी ती आरती गुणगुणत होती. मला कसंतरी वाटलं. मग मी ड्रेस बदलला. चिंबोरी साफ करणं फार कठीण आहे, आजी. माझ्या हाताचा वास अजून गेला नाही. मी आज शाळेत तसाच घेऊन गेले.

पपांनी एसी नीट केला. गौर खूप सुंदर दिसत होती, तिचं सगळं अंग मशमूमचं होतं आणि आमच्या पूर्ण बिल्डिंगला वास येत होता. गणपतीपुढे लावायला पडदा नव्हता, म्हणून मी माझी नाचाची ओढणी बांधली. हमीदाआंटी सगळ्यात आधी आल्या. त्यांनी विचारलं लेक कुठे आहे. मी त्यांना अरबीत सगळं समजावलं. माझी अरबी एवढी कामाला आली नव्हती कधी. त्या म्हणाल्या, मग यल्ला, चला, तिला वाढा, ती दुरून आली आहे.

मम्मीने ताट वाढलं. रस्सा, वडे, भात, तळलेले मासे. तेवढ्यात बेल वाजली. मृणालीकाकू आणि स्पृहा होत्या. त्यांच्याकडे खूप पाहुणे होते तरी त्या मध्येच उठून आल्या होत्या. काकू म्हणाल्या की इतकी वर्षं या गौरीला हळदीकुंकू लावल्याशिवाय त्या जेवल्या नाहीत, यंदा कशा जेवतील. मम्मी रडायला लागली. मग काकूंनी ताट पाहिलं. त्यांनी अगदी हळू विचारलं की त्या कुंकू लावेपर्यंत ताट झाकता येईल का.

मम्मीचा हात पदराकडे गेला. मला माहीत होतं की ती झाकणार, कारण काकूंना ती कधी नाही म्हणत नाही. आणि आजी, मला एकदम खूप राग आला. मी म्हटलं की आमच्याकडे ज्याला बघायचं नसतं त्याच्यापुढे पडदा धरतात, जेवणारीचं ताट झाकत नाहीत. मी हे मराठीत म्हटलं. मोठ्याने. मग मी माझ्या ओढणीचं टोक उचललं आणि काकूंना सांगितलं की तुम्ही आत गणपतीजवळ बसा, तोपण शाकाहारी आहे.

मला वाटलं आता मला ओरडा बसणार. पण काकूंनी साडी आवरली आणि खरंच पडद्याच्या पलीकडे जाऊन गणपतीशेजारी बसल्या. गौर जेवेपर्यंत त्या तिथेच होत्या. नंतर मी ओढणी काढली आणि त्यांनी गौरीला हळदीकुंकू लावलं, मम्मीलाही लावलं. जेवायला त्या थांबल्या नाहीत. फक्त केळं घेतलं.

स्पृहा पडद्याच्या या बाजूला होती. तिने एक वडा रश्शात बुडवून खाल्ला. ते तू कोणाला सांगू नकोस.

आज वर्गात एका मुलीने विचारलं की माझ्या हाताला कसला वास येतो. मी सांगितलं की काल आमची गौर आली होती, ती मुरूडची आहे आणि ती चिंबोरी खाते. मग मी तिला विचारलं, तुमच्याकडे कोण येतं आणि काय खातं.

पुढच्या वर्षी मोठा पडदा पाठव. ओढणी लहान पडते.

तुझा लोभ मला ठाऊक आहे, मी मागत नाही.

गौरीच्या बाजूला बसणारी,
श्रेया