नावापुढे काय लिहायचं?

पौड, ता. मुळशी
मंगळवार, दुपारच्या जेवणानंतर

आदरणीय मौला मामूंना पौडहून भाचा साबीरचा सलाम.

इकडे अब्बांचा गुडघा सोडला तर सगळे ठीक आहेत. तुमची शुगर आणि मामींचं बीपी किती आहे ते आकड्यांत कळवावं, ‘ठीक आहे’ असं कळवू नये. गेल्या वेळी ‘ठीक आहे’ कळवलंत आणि चौथ्या दिवशी तुम्ही दवाखान्यात होता. तुमच्या लेकीच्या, मन्तशाच्या निकाहच्या पत्रिकेचा नमुना अम्मीच्या फोनवर आला, वाचला. त्याबद्दल शेवटी लिहितो. (मी विसरणार नाही. विसरणं मला जमत नाही, हीच तर घरच्यांची तक्रार आहे.)

पत्रास कारण की, रविवारी तुम्ही फोनवर अम्मीला विचारलंत, “साबीर सध्या काय करतोय?” फोन स्पीकरवर होता. अम्मी बोलली नाही, अब्बा बोलले नाहीत, मी नऊपर्यंत मोजलं, मग अम्मीने विषय बिर्याणीवर नेला. त्यावर तुम्ही म्हणालात, निकाह झाला की त्याला शिरवळला पाठवा, दुकानात बसेल, माणसात येईल. मामू, मला शिरवळला यायचं नाही. मला काम मिळालं आहे आणि ते मला आवडतं. पण अम्मीला ते काम वाटत नाही, म्हणून ती गप्प बसली. ते सोडावं लागलं तर मी परत पूर्वीसारखा अंथरुणात तोंड घालून पडेन, याची मला खरोखर भीती वाटते. म्हणून हे सविस्तर. (फोनवर तुम्ही मध्येच बोलता. पत्रात ती सोय नाही.)

तुमच्या दुकानात मी यापूर्वी अकरा दिवस बसलो होतो, ते आठवत असेल. गिऱ्हाइकाने विचारलं, ही पाण्याची टाकी तुम्ही स्वतःच्या घराला घ्याल का? मी म्हणालो, मामूंनी घरी दुसऱ्या कंपनीची बसवली आहे. तुम्ही मला त्याच दिवशी एसटीत बसवलंत. मी अजून विचार करतो की यात चुकलं काय, कारण ती टाकी मी स्वतः चढून पाहिली होती.

त्याआधी हिंजवडी. घोटावडे फाट्यावरून कंपनीची कॅब, तीत सहा माणसं, तीन भाषा, एक गाणं आणि माणच्या वळणावर तासभर तुंबलेली वाहनं. पोचेपर्यंतच माझा दिवस संपलेला असायचा. तिथे रोज वेगळ्या खुर्चीवर बसायचं, त्याने म्हणे उत्साह वाढतो. माझा होता तोही गेला. साहेबांनी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस? मी म्हणालो, पौडला. ते हसले, मी हसलो नाही, आणि पुढच्या महिन्यात मी पौडलाच होतो, पाच वर्षं लागली नाहीत. मग पिरंगुटच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम धरलं. ते मला फार आवडलं. तीनशे नग आले, कागदावरच्या मापाशी ताडले, दोनशे एक्याण्णव नापास केले. सुपरवायझर म्हणाले, अरे बाबा, थोडं समजून घ्यायचं असतं. मी विचारलं, थोडं म्हणजे किती मिलिमीटर? त्यांनी मला अजिबात समजून घेतलं नाही. तिथून मला एकच गोष्ट मिळाली, कानावर बसवायचे कप, आवाज बंद करणारे. ते पुढे येणार आहेत, लक्षात ठेवा.

मग पुण्यात एका डॉक्टरीणबाईंनी तीन दिवस प्रश्न विचारून सांगितलं की याला ऑटिझम म्हणतात, जन्मापासून आहे, हा आळस नाही आणि उद्धटपणाही नाही. एकोणतिसाव्या वर्षी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो, आनंदाने. अब्बांनी विचारलं, गोळी कोणती? गोळी नाही म्हटल्यावर त्यांचा बाईंवरचा विश्वास उडाला. बाईंनी विचारलं, याला काय करताना वेळेचं भान राहत नाही? अब्बा म्हणाले, पेटी उघडून बसल्यावर, पण ती रद्दी आहे हो, ते काम नव्हे.

ती पेटी तुम्ही पाहिली आहे. तीत आज दोन हजार तीनशे चौदा लग्नपत्रिका आहेत. पाच वर्षांचा असल्यापासून जमवतोय. (पहिली कोणाची, तेही शेवटी.) अब्बांच्या दुकानात निम्म्या मुळशीतली लग्नघरं चपला घ्यायला येतात आणि पत्रिका देऊन जातात. लोक तारीख बघतात, जेवण आहे का बघतात आणि टाकून देतात. मी नावं वाचतो. निमंत्रक कोण, कोणाचा चुलता आधी, कोणाची आत्या नंतर, कोण कोणत्या साली गळालं आणि कोणत्या साली परत आलं. अम्मीने ती पेटी दोनदा रद्दीवाल्याला दिली, मी दोनदा परत आणली. मराठीत माझ्यासारख्याला स्वमग्न म्हणतात. छे! मी स्वतःत कुठला मग्न, मी रिह्यापासून ताम्हिणीपर्यंतच्या लोकांच्या भावकीत मग्न होतो.

तर गेल्या डिसेंबरात मी शैलेशशेठच्या छापखान्यात बायोडाटाची झेरॉक्स काढायला गेलो. तिथे रिह्याचे हैबतराव मुलीच्या लग्नाची पत्रिका पास करायला बसले होते. (आपल्याकडची पत्रिका म्हणजे काय चीज असते ते तुम्हाला सांगायला नको. एक नाव राहिलं की ते अख्खं घर लग्नाला येत नाही, आणि नातवंडांनाही सांगून ठेवतं.) पत्रिका माझ्या बाजूने उलटी होती, मी उलटी वाचली आणि तोंडातून निघून गेलं, यात तुमच्या भावकीतले गेणबा नाहीत.

हैबतरावांच्या मिशा हलल्या. “न्हाईत. मुद्दाम न्हाईत. बांधावरनं बोलणं बंद हाय आमचं. तुला रं काय करायचंय?”

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी म्हणालो, बोलणं २००९ सालीही बंद होतं, तरी गेणबांच्या थोरल्या मुलीच्या पत्रिकेत तुमचं नाव दुसऱ्या ओळीत आहे, त्यांच्या सख्ख्या भावाच्या आधी. हैबतराव म्हणाले, खोटं! (त्यांनी ती पत्रिका न उघडताच परत धाडली होती, हे मला नंतर कळलं.) मला कोणी खोटं म्हटलेलं सोसत नाही. तडक घरी गेलो, पेटीतून १४०२ नंबर काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग शैलेशशेठला म्हणाले, “टाक गेणबाचं. पयल्या वळीत टाक.” आणि त्यांनी मिशी पुसली. मिशीला काही लागलेलं नव्हतं.

लग्नाला गेणबा आले, आणि एकटे कसले येतात, त्रेचाळीस माणसं घेऊन आले! आचाऱ्याने हात वर केले, तांदूळ आणायला गाडी पिटाळली, भाताला तासभर उशीर झाला आणि सगळ्याला कारण मी. मांडवात बारा स्पीकर होते म्हणून मी कानाला कप लावून पाण्याच्या टँकरमागे उभा होतो. त्यामुळे स्टेजवरून सत्कारासाठी माझं नाव चार वेळा पुकारलं गेलं ते मला ऐकूच आलं नाही. शेवटी हैबतराव स्वतः शाल, नारळ आणि टोपी घेऊन टँकरमागे आले. ते काय म्हणाले ते ओठांवरून कळलं, “आरं, कवाधरनं पुकारतुया, बहिरा झालास व्हय?” टोपी कपांवरून बसेना, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातल्या नारळाला घातली आणि माझी पाठ थोपटली. मला कोणी हात लावलेला आवडत नाही. तेव्हा आवडलं.

दुसऱ्या दिवशी शैलेशशेठने मला बोलावलं. आता मागच्या खोलीत खिडकीजवळ माझं टेबल आहे, तिथे करकरणारी ट्यूबलाइट काढून साधा दिवा लावला आहे, खुर्ची रोज तीच. लोक नावांच्या याद्या घेऊन येतात, मी कोण राहिलं, कोण खाली गेलं ते सांगतो. चूक एकदाच झाली. एका पुढाऱ्यांच्या नावामागे ‘युवा नेते’ होतं, वाचणाऱ्याचा गैरसमज नको म्हणून मी कंसात वय ५२ घातलं आणि पाचशे प्रती निघाल्या. ते छापखान्यात थयथयाट करून गेले. शैलेशशेठ आधी ओरडले, मग खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि म्हणाले, यापुढे वय घालायच्या आधी मला विचार. एवढा साधा, स्पष्ट नियम मला आजवर कुठल्याच साहेबांनी दिला नव्हता. ईदच्या आदल्या दिवशी त्यांनी मला कायम केलं. आता भूगावहूनसुद्धा लोक येतात आणि दारातूनच विचारतात, “साबीरनं बगितलीया का?” मामू, सकाळी अम्मीला मला उठवावं लागत नाही. आठ महिन्यांत एकदाही लागलं नाही.

तेव्हा शिरवळच्या गल्ल्यावर दुसरा कोणी बसवावा, आणि त्याला घरची टाकी दाखवू नये. मामींना सलाम, मन्तशाला दुआ. पत्र स्पीडपोस्टाने टाकतोय, गुरुवारी पोचतं, चौकशी केली आहे.

तुमचा आज्ञाधारक (हे एक सोडून) भाचा,
साबीर

ता. क. : नमुना तपासला. मामींच्या माहेरचे थोरले चुलते धाकट्यांच्या खाली गेले आहेत. ते बोलणार नाहीत, पण जेवणारही नाहीत. बदलावं.

ता. क. २ : ‘आपले नम्र’मध्ये सात भाचे आहेत, प्रत्येकाच्या नावापुढे कंसात काही ना काही : इंजिनियर, बी. फार्म., दुबई. मामू, तुम्हाला आठ भाचे आहेत. मी अकरा वेळा मोजले. अम्मी म्हणाली, मामू म्हणतात त्याच्या नावापुढे लिहायचं काय, आधी काही ठरू दे. पत्रात हे बोलायचं नाही अशी तिची ताकीद होती, म्हणून पत्रात बोललो नाही, ता. क. मध्ये बोलतोय. दुसऱ्याचं नाव राहिलं की मी उभ्या उभ्या सांगतो. स्वतःचं सांगायला दोन दिवस लागले आणि फार वाईट वाटलं. छपाई शुक्रवारी आहे. कंसात ‘नावं तपासतो, पौड’ एवढं लिहावं.

ता. क. ३ : सोबत पेटीतल्या एक नंबरच्या पत्रिकेची झेरॉक्स आहे. (मूळ प्रत मी कोणाला देत नाही.) ती तुमच्या निकाहची आहे, १९९९ ची. तळाशी छापलंय, ‘आमच्या मामूच्या शादीला यायचं हं!’ आणि त्याखाली एकच नाव, साबीर. छापलेलं माझं नाव मी तिथे पहिल्यांदा वाचलं. त्याच्यापुढे कंस नाही. मी पाच वर्षांचा होतो, मामू, आणि काहीच करत नव्हतो.