पंच्याण्णव लिहिलेली पोरं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तीन महिने पत्र नाही, माफ कर. दवाखान्यात खोकल्याच्या पोरांची रांग दारापर्यंत असते. घरी आल्यावर चपला काढायचंही जिवावर येतं.

मंगळवारी सुताराची दीड वर्षाची मुलगी आली. श्वास जलद, पण छाती आत ओढली जात नव्हती. रक्तातला ऑक्सिजन बघायला तिच्या पायाच्या अंगठ्याला मोठ्या माणसांचाच चिमटा लावला. लहानांची पट्टी डॉक्टरांच्या कपाटात असते, दर वेळी किल्ली मागायचा मला कंटाळा. पोर पाय झाडत होती. आकडा शहाऐंशी, एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशी असा नाचत होता. क्षणभर पंच्याण्णव दिसला, म्हणजे ठीक, तो मी लिहिला आणि औषध देऊन घरी पाठवलं. सकाळी परत आणली तेव्हा ती दूधही ओढत नव्हती. तळपायाला पट्टी गुंडाळली, तर ब्याऐंशी! ऑक्सिजन लावून मोठ्या रुग्णालयात पाठवली. अजून तिथेच आहे.

डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया असा रात्रीत बिघडतो, तुमचा दोष नाही. मी मान डोलावली. चिमट्याचं बोलले नाही. सांगू का?
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी बारकी

८ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.
पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, बारकी पहिली आली तरी एक गणित चुकलं म्हणून रडायची. मला हसू आलं नाही. मी नर्स झाले तेव्हा असले चिमटे नव्हते. घड्याळ आणि डोळे, बस. माझ्याही चुका झाल्या. त्यातली दोन पोरं अजून चेहऱ्यासकट आठवतात.

डॉक्टरांना सांग, त्यात विचारायचं काय? पण तू एकाच पोरीसाठी रडते आहेस. हवा तो आकडा आला की चिमटा काढायचा, हे त्या मंगळवारी पहिल्यांदाच केलंस का? उत्तर मला नको. वही उघड.
आणि वेळेवर जेव, हडकुळे.
तुझीच ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
पहिल्यांदा नव्हतं. महिन्याभरात, सुताराची पोर सोडून, माझ्या अक्षरात अकरा वेळा पंच्याण्णव. शहाण्णव एकदाही नाही. इतकी पोरं एकाच आकड्याची कशी असतील, हे लिहिताना मला कधी खटकलंच नाही.

डॉक्टरांना सांगितलं. ते दार लोटून ओरडले, आणि शेवटी किल्ली माझ्याच हातात दिली. काम सुटल्यावर पट्टी घेऊन त्या अकरा पोरांच्या घरी जाते. नऊ पोरं पाहिली, आठ ठीक. धोब्याची पाच महिन्यांची मुलगी एकोणनव्वदवर होती; तिलाही पाठवली. तिच्या आईला माझी चूक सांगितली. ती म्हणाली, बाई, आधी गाडी बोलवा.

सुताराची पोर कालपासून ऑक्सिजनशिवाय आहे. तिची आई माझ्याकडे बघत नाही. बघावं अशी अपेक्षाही नाही. फार थकले गं. तुझा हात पाठीवर असू दे.
बारकी

बारकीच्या वहीत, उद्या: दवाखाना उघडण्याआधी गिरणीमागच्या जुळ्यांचा ऑक्सिजन पाहून येणे.