अंगणातली पेटी

नांदेड,
१३ ऑगस्ट २०१८

चि. धम्मप्रिया हिस पप्पांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुमच्या होस्टेलात मोबाईलला बंदी. रविवारी मॅडमच्या फोनवर जी दहा मिनिटं मिळतात, ती तुझी आईच खाऊन टाकते. जेवलीस का, डोक्याला तेल लावलंस का, संपलं. मग माझ्यासारख्यानं पत्रच लिहावं. ऑफिसात हसून राहिलेत, की प्रेमराव, आजच्या काळात पोरीला पत्र! हसू देत.

बातमी चांगली नाही, आधीच सांगतो. इस्लापूरला आजी पडली. गेल्या मंगळवारी सकाळी आठला अंगणात पाय घसरला आणि कंबरेत अशी उसण भरली की उठताच येईना. शेजारची शिवम्मा दळण घेऊन आली साडेचारला. तोवर माझी माय चिखलात पडून होती, प्रिया. साडेआठ तास. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. हाक का मारली नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणते, खामखा लोकांचा खोळंबा कशाला.

मी पार बेजार झालोय. नांदेडला चल म्हटलं की तिचं एकच, डोक्यावर स्लॅब नको. भूकंपाला पंचवीस वर्षं होत आली, तरी ती पत्र्याच्या खोलीतच झोपते. आणि जे किमती ते सगळं अंगणाच्या मधोमध, भिंतीपासून लांब, लोखंडी पेटीत. रेशनकार्ड तिथं, आजोबांचा फोटो तिथं. मागच्या दिवाळीला आपल्या तिसऱ्या मजल्यावर आली तर दोन दिवस जिन्यात बसून होती, तुला आठवत असेल. जबरदस्तीनं आणली तर झुरून जाईल. तिथंच ठेवली तर पुन्हा एकदा पडेल, आणि त्या दिवशी शिवम्माचं दळण नसेल.

साधा फोन तिला ऐकू येत नाही, डावा कान गेलाच आहे. त्यात जूनमध्ये कुणी भामट्यानं बँकेतून बोलतो म्हणून कार्डावरचा नंबर विचारला. ही बाई सांगायला तयार! चष्मा सापडला नाही म्हणून निभावलं. तेव्हा असं काही यंत्र सुचव, की आपण तिला पाहू शकू, तिला जमेल, आणि त्यात चोर शिरणार नाही. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. तुझ्या अभ्यासातला वेळ मागतोय, पण दुसरा इलाज नाही.

पत्राची वाट बघतो. माया आहे ती तुला ठाऊकच आहे.

तुझे,
पप्पा

लातूर,
१९ ऑगस्ट २०१८

ती. पप्पांस सविनय जयभीम.

वि. वि. तुमचं पत्र मेसमध्ये वाचलं आणि तिथंच रडले. मुलींना वाटलं टेस्टचे मार्क आले. ते पण आलेत, शेवटी सांगते.

फोन नको, टॅब घ्या. दहा इंची. फोन आजीच्या हातून निसटतो आणि पळी घासल्यासारखा घासून ठेवते ती. पडद्यावर फक्त तीन फोटो ठेवा: तुमचा, आईचा आणि माझा. माझ्या फोटोमागं मॅडमचा नंबर. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागला पाहिजे, बास. बाकी सगळ्याला कुलूप. बँक नको, यूट्यूब नको, शुभ सकाळ पाठवणारे ग्रुप तर मुळीच नकोत. आपल्या तिघांशिवाय कुणाचाही फोन आला तर तिला कळायलाच नको. दुकानदार चार महागड्या गोष्टी गळ्यात मारेल, तुम्ही लगेच हो म्हणता, म्हणून आईला सोबत न्या. पासवर्ड तुमच्यापाशी ठेवा आणि त्यात एक जून घालू नका. अर्ध्या मराठवाड्याची जन्मतारीख आहे ती, गुरुजींनी दिलेली.

आता खरं महत्त्वाचं. ती पडली तर उठून बटण कशी दाबणार? म्हणून त्यात एक सोय असते, ती चालू करा. आपण फोन केला की तो आपोआप सुरू होतो. तिनं काहीही करायचं नाही. रिंगही बंद ठेवा, म्हणजे ती दचकणार नाही. आपण थेट खोली बघायची आणि हाक मारायची. हे मला केमिस्ट्रीच्या तासाला सुचलं, त्यामुळे तो तास गेला.

मार्क ७२० पैकी ३११. मला खालच्या बॅचला टाकलंय. इथं गल्लीगल्लीत क्लास आणि घराघरात भावी डॉक्टर, त्यात मी कुठं बसते कुणास ठाऊक. आजी म्हणायची, तू डॉक्टर झालीस की माझा कान तूच बघ. पप्पा, ती तोवर राहायला पाहिजे. एवढं एकच करा माझ्यासाठी.

आईला आणि तुम्हाला जयभीम. माझ्यावरचा राग ३११ पुरताच असू द्या.

तुमची,
प्रिया

नांदेड,
९ सप्टेंबर २०१८

चि. धम्मप्रिया हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. टॅब घेतला. तुझी आई सोबत होती, त्यामुळे दुकानदार बेजार आणि मी गप्प. तू लिहिलंस तसंच सगळं करून घेतलं. तीन फोटो, बाकी कुलूप, रिंग बंद, आपोआप सुरू. घरी तीनदा करून पाहिलं. मी स्वयंपाकघरातून फोन केला, टॅब बाहेरच्या खोलीत आपोआप उघडला आणि तुझी आई केस विंचरताना दिसली. त्यावरून मला जे ऐकावं लागलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण यंत्र पक्कं आहे. पोरी, तुझं डोकं चालतं, ३११ ची फिकीर सोड.

येत्या शनिवारी आदिलाबाद गाडीनं जाऊन लावून देतो आणि संध्याकाळी परततो. रविवारी, सोळा तारखेला, सकाळी दहाला तुझी दहा मिनिटं आजीला दे. पहिला फोन तुझाच होऊ दे, यंत्राला दृष्ट लागायला नको. आईला मी समजावतो, ती एक रविवार कळ काढील.

कितीतरी दिवसांनी आज नीट जेवलो. असाच जीव लावत जा.

तुझे,
पप्पा

लातूर,
१६ सप्टेंबर २०१८

ती. पप्पांस जयभीम.

वि. वि. नाही लिहिता येत आज. काय झालं तेवढं सांगते, मला समजावून सांगा.

दहाला फोन लावला. लागला. पण पडद्यावर नुसता अंधार. मला वाटलं कॅमेऱ्यावर काही पडलंय. मी आजी आजी म्हणून हाका मारायला लागले. मी इथं आहे, मला काही दिसत नाही, मला बाहेर काढ, असं गमतीनं म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले, तिला कमी ऐकू येतं ना.

मग लांबून तिचा आवाज आला. आले गं आले, रडू नको, दम धर, असं ती म्हणत होती. पप्पा, मी हसले. मला वाटलं तीपण गंमत करून राहिली. मी आणखी हाका मारल्या. मग काहीतरी खणल्याचा आवाज यायला लागला आणि ती किंचाळायला लागली. दगड काढते म्हणाली, हात दे म्हणाली, बाळा म्हणाली. मला ती कधीच बाळा म्हणत नाही. मी घाबरून गप्प झाले, तर ती जास्तच ओरडायला लागली, की बोल, बोलत राहा. तेवढ्यात दहा मिनिटं झाली आणि मॅडमनी फोन काढून घेतला. मी पाया पडले त्यांच्या. नियम म्हणजे नियम म्हणाल्या.

काय झालंय तिला? मी काय केलंय? मला घरी न्या. मला नाही शिकायचं.

प्रिया

नांदेड,
२२ सप्टेंबर २०१८

चि. प्रिया हिस पप्पांचा आशीर्वाद.

वि. वि. तू काही केलं नाहीस, हे आधी दोनदा वाच. केलं ते मी. टॅब लावून निघताना आजीनं किंमत विचारली. कमी सांगायचं ठरवून गेलो होतो, पण बोलून गेलो, की लई महाग आहे, जिवापाड जप. झालं. तिच्या लेखी जपायचं म्हणजे अंगणातल्या पेटीत ठेवायचं. लुगड्यात गुंडाळून, आजोबांच्या फोटोखाली ठेवला आणि झाकण लावलं. तुझा आवाज तिथून आला. एका कानानं तिला तो जमिनीतून आल्यासारखा वाटला. शिवम्मा धावली तेव्हा तिनं पेटीशेजारी हातभर खड्डा केला होता. आधी खुरप्यानं, मग नुसत्या हातांनी. तीन बोटांची नखं गेली.

तुला सांगितलं नव्हतं. घरात कुणी बोलतच नाही. तुला एक आत्या होती, सुजाता. नऊ वर्षांची. त्र्याण्णवला आपलं गाव औसा तालुक्यात होतं, इस्लापूरला आलो ते नंतर. तीस सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात घर बसलं, तेव्हा माझी आई, दादा म्हणजे तुझे आजोबा, आणि मी बाहेर फेकलो गेलो आणि सुजी आत राहिली. जिवंत होती. माती आणि दगडांखालून हाका मारत होती, की आई, मी इथं आहे, मला काही दिसत नाही. आम्ही हातांनी उकरत होतो. मी पंधराचा होतो, माझ्याही हातांत तेवढाच जोर. चांगलं उजाडेपर्यंत आवाज येत होता. मग बोलता बोलता मध्येच थांबला. आई तिला बोल बोल म्हणत राहिली.

आणि मी मूर्ख माणूस, मीच तिच्या अंगणात पुन्हा तेच उभं केलं. आता आजी जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, खड्ड्याजवळ बसून असते. मी ठरवलंय. उद्या जाऊन टॅब आणतो, दुकानात परत करतो, आणि दसऱ्याला तिला नांदेडला उचलून आणतो. रडली तरी. जिन्यात बसली तरी. मला आणखी काही सुचत नाही.

तू मात्र तिथंच राहा. तू परत आलीस तर मी कुणाकडं बघायचं?

पप्पा

इस्लापूर,
३० सप्टेंबर २०१८

चि. धम्मप्रियाला सरजाबाईचा आशीर्वाद आन जयभीम.

मी खुशाल हाय. तुझं पत्र मिळालं, रडून रडून शाई पसरलीय त्याच्यावर. मला वाचायला दोन दिस लागले. हे पत्र मीच लिहून राहिले, बोटाला चिंध्या हायेत म्हणून अक्षर वाकडं, हसू नको. साक्षरतेच्या वर्गातल्या बाई म्हणायच्या सरजाबाई अक्षर मोत्यावानी, तवा बोटं धड व्हती.

आज तीस तारीख. दरसाली ह्या दिशी मी चूल पेटवत न्हाई. आज पेटवली. शिवम्मानं डोळे मोठे केले. मी म्हणलं, बाई, लेकरू जित्तं हाय लातूरला, आन मी उपाशी कामून बसू?

तुझा बाप त्यो टॅबचा डबा न्यायला आला व्हता. मी दिला न्हाई. पोटाशी धरून बसले. त्यो लई रागावला, मग रडला. पंधरा वरसाचा असताना रडला न्हाई, आता चाळिशीत रडला, बरं झालं. त्याला म्हणलं, त्या दिशी शिवम्मानं पेटी उघडली तवा म्या बघितलं, काच नुसती काळी. पोरगी त्यात व्हती आन मी भाईर उकरत बसले. आता उघडून बसते. मांडीवर घेऊन बसते.

पर तुमी लोकांनी शानपणा केला, त्यो काढायला लावला. आपोआप कुणाचा आवाज यायचा न्हाई म्हणजे न्हाई. आधी मोठ्यांदा वाजू दे. मी हिरव्यावर बोट ठेवीन, मग बोल. शिवम्मानं शिकवलंय, तिच्यासंग धा बारी करून पाहिलं. रोज सांजच्याला बापाला मीच तोंड दाखवीन, विहारात वंदनेला जावं तसं न चुकता. ज्या दिशी दाखवलं न्हाई त्या दिशी यायचं त्यानं. हे त्याला पटलं. स्लॅबखाली न्यायचं बोलला न्हाई मग. तुला पटत नसंल तर तसं लिव्ह, पर मी ऐकायची न्हाई.

क्लास सोडते म्हणलीस. माझा कान कोण बघंल? खालच्या बॅचला असशील तर खालून वर ये. म्हातारी नखं जाईस्तोवर उकरती, तुला पुस्तक उलटायला काय हुतंय?

सुजीचं तुला सांगितलं त्याचा मला राग न्हाई. ती तुझ्यावानीच बडबडी व्हती. तुझा आवाज तिचा न्हाई, मला ठावं हाय. पर एक काम कर माझं. येत्या ऐतवारी धाला मी बसून असन. मॅडम फोन घ्यायला लागली तर तिला हात कर, म्हणावं एक शब्द राहिलाय. तुझी धा मिंटं सरायच्या आधी मला म्हण, आजी, येते. मग खुशाल बंद कर.

ती म्हणली न्हवती.

तुझी,
आजी